इटालियन क्रियापदांचा तक्ता इंग्रजीतून वाचू नका

अनारसे

दर सप्टेंबरात इटलीतल्या तोरीनोला नवी मराठी मुलं शिकायला येतात. इंजिनिअरिंगचे बरेच वर्ग इंग्रजीत चालतात, पण घरमालक, डॉक्टर, नगरपालिकेची खिडकी हे सगळं इटालियनमध्ये. त्यामुळे भाषा शिकणं आलंच. सुरुवातीला मंडळी खुशीत असतात, कारण उच्चार आपल्या जिभेला सोपे. त-द आपल्यासारखेच दंत्य, जोडाक्षरांची भीती नाही. मग क्रियापदाचा तक्ता समोर येतो आणि शिकवणीला दांड्या सुरू होतात.

तक्ता मोठा आहे हे खरंच. सात 'मोदी' आहेत (हो, क्रियापदाच्या अर्थाला तिथे मोदो म्हणतात आणि त्याचं अनेकवचन मोदी. हसून झालं असेल तर पुढे जाऊ). इंदिकातीवोचे (साधं विधान) ८ काळ, कोंजुंतीवोचे (साधारण आपला विध्यर्थ) ४, कोंदित्स्योनालेचे (जर-तरमधला 'तर') २, इंपेरातीवोचा (आज्ञार्थ) १, आणि इंफिनीतो (मूळ रूप), पार्तिचीप्यो ('गेलेला'सारखं धातुसाधित), जेरुंद्यो ('जाताना'सारखं) यांचे दोन-दोन. एकूण २१. यातला त्रापास्सातो रेमोतो तर बोलण्यात जवळपास येतच नाही. 'आपेना एब्बे फिनीतो, ऊशी', म्हणजे संपवताक्षणी तो बाहेर पडला, असं कथा-कादंबरीत भेटेल तेव्हा ओळखता आलं की पुरे.

माझं दुखणं वेगळं आहे. ही मुलं इटालियन शिकतात इंग्रजी पुस्तकातून. इंग्रजीत कोंजुंतीवोसारखं रूप नावापुरतं उरलंय, म्हणून ते पुस्तक बिचारं 'शंका, इच्छा, मत, भावना' अशी यादी देतं आणि पोरं ती यादी घोकत बसतात. आपल्याला कशाला हवी यादी? शाळेत क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मार्कांपुरते पाठ केले आणि विसरलो. ते आता बाहेर काढा.

तो आजारी आहे: ए मालातो.
तो आजारी असेल: सारा मालातो.
तो आजारी असावा: पेन्सो के सीआ मालातो.

'असेल' आणि 'असावा' यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवला होता? सारा आणि सीआ यांतलं अंतर साधारण तेवढंच आहे. फक्त सीआला आधी 'पेन्सो के' किंवा 'क्रेदो के' असं काहीतरी टेकू लागतं, आपला 'असावा' एकटा उभा राहतो. पुढे जा. तो निघाला असावा: पेन्सो के सीआ पार्तीतो. हा झाला कोंजुंतीवो पास्सातो, ज्याच्या नावानेच लोक घाबरतात. तू यावंस असं मला वाटतं: वोल्यो के तू वेंगा.

भविष्यकाळाचंही तेच. आठ वाजले असतील: सारान्नो ले ओत्तो. त्याची गाडी चुकली असेल: आव्रा पेर्सो इल त्रेनो. इंग्रजी पुस्तकात याला 'अंदाज दाखवणारा भविष्यकाळ' म्हणून स्वतंत्र धडा असतो. मराठी माणसाने तो खुशाल गाळावा.

आणि सगळ्यात मजेशीर भाग म्हणजे मान देणं. घराखालच्या बेकरीतली बाई ओळखीच्या पोराला 'दिम्मी' म्हणते आणि मला 'मि दीका'. मतलब एकच, बोला काय देऊ. पण पहिला आज्ञार्थ आहे आणि दुसरा कोंजुंतीवो. ज्याला 'लेई' (मानाचं 'आपण') म्हणायचं त्या माणसाला इटालियन लोक हुकूम सोडत नाहीत, विध्यर्थात बोलतात. आपण तरी काय करतो? मित्राला 'ये, बस' आणि व्याह्यांना 'यावं, बसावं'. 'सि आक्कोमोदी' म्हणजे शब्दशः आपलं 'बसावं'.

इथे एक खड्डा आहे तो सांगून ठेवते. आरे गटातल्या (ज्यांचं मूळ रूप 'आरे'ने संपतं त्या) क्रियापदांत तू-चं रूप आ-कारान्त आणि मानाचं ई-कारान्त: स्कूझा आणि स्कूझी, आस्पेत्ता आणि आस्पेत्ती. एरे आणि ईरे गटांत नेमकं उलट: प्रेंदी आणि प्रेंदा, सेंती आणि सेंता. त्यामुळे नवीन माणूस पोलिसाला थांबवून 'स्कूझा, सेंता' म्हणतो. अर्धं अरे-तुरे, अर्धं अहो-जाहो.

सध्या एवढंच. कुणाचा काय अनुभव?

खारी बिस्कीट

भारी धागा. वाचनखूण साठवली. पण ताई, अर्थ कळले तरी रूपं पाठ करावीच लागणार ना? मी अजून पार्लो-पार्ली-पार्ला वर आहे.

अनारसे

लागणार. त्यातून सुटका नाही. पण पाठ करायचा क्रम बदल.

वर्तमानकाळात आम्ही-चं रूप तिन्ही गटांत 'यामो'नेच संपतं: पार्ल्यामो, प्रेंद्यामो, दोर्म्यामो. ते एकदाच शीक. ईरे गटात दोन पंगती आहेत, एक साधी (दोर्मो, दोर्मी, दोर्मे) आणि एक मध्ये 'इस्क' घालणारी (कापीस्को, कापीशी, कापीशे, पण काप्यामो, कापीते, मग परत कापीस्कोनो). आम्ही आणि तुम्हीच्या रूपात 'इस्क' येत नाही. फिनीरे, प्रेफेरीरे, स्पेदीरे, पुलीरे सगळी याच पंगतीतली.

आघाताकडे लक्ष दे, हे पुस्तक ओरडून सांगत नाही. 'ते'च्या रूपात जोर मागे सरकतो. पार्लानो म्हणताना जोर 'पार'वर, 'ला'वर नाही. आबितानो (राहतात) मध्ये 'आ'वर. तेलेफोनानो (फोन करतात) मध्ये 'ले'वर, म्हणजे शेवटून चौथ्या अक्षरावर. आपली मुलं सर्रास 'पारलाSनो' म्हणतात.

आणि दुहेरी व्यंजन. पार्लेरेमो म्हणजे आम्ही बोलू, पार्लेरेम्मो म्हणजे आम्ही बोललो असतो किंवा बोलायला तयार आहोत, पण. एका 'म'ने अख्खा अर्थ बदलतो. ज्याला 'कला' आणि 'कल्ला' वेगळे ऐकू येतात त्याला हे जड जाऊ नये, पण बोलताना दुर्लक्ष होतं खरं.

शंकासूर

लेख आवडला, पण मराठीचं बोट इतकं घट्ट धरू नये असं माझं मत आहे. दोन ठिकाणी तोंडघशी पडाल.

एक, संकेतार्थ. 'वेळ असता तर आलो असतो.' मराठीत दोन्हीकडे एकच ठसा. इटालियनमध्ये 'तर'च्या अलीकडे कोंजुंतीवो आणि पलीकडे कोंदित्स्योनाले: से आवेस्सी तेंपो, वेर्रेई. मराठी माणूस हमखास दोन्हीकडे कोंदित्स्योनाले टाकतो, 'से आव्रेई तेंपो'. ही चूक इटालियन पोरंही करतात आणि शाळेत मार खातात, पण त्यांचं चालून जातं.

शिवाय 'वेळ असता तर आलो असतो' हे आजबद्दल आहे की गेल्या महिन्याबद्दल? मराठीत संदर्भावरून ठरतं. इटालियनला ते ठरवूनच बोलावं लागतं. आजचं असेल तर वर दिलेलं वाक्य. गेल्या महिन्याचं असेल तर से आवेस्सी आवूतो तेंपो, सारेई वेनूतो.

दोन, भूतकाळातलं लिंग. 'ती गेली' म्हणजे ए आंदाता, 'ते गेले' म्हणजे सोनो आंदाती, इथपर्यंत सगळं छान जुळतं. मग 'मी झोपले' म्हणायला गेलेली मुलगी 'सोनो दोर्मीता' म्हणते. चूक. ओ दोर्मीतो, कारण इथे सहायक म्हणून एस्सेरे (असणं) नाही, आवेरे (जवळ असणं) लागतं. बाई असो की बाप्या, शेवटी 'तो'च राहतो.

अनारसे

शंकासूर, संकेतार्थाबद्दल पूर्ण सहमत. तिथे मराठी मदत करत नाही, आडवीच येते. मी मुलांना एवढंच सांगते की 'से'ला (जर) खेटून कोंदित्स्योनाले बसवायचं नाही.

दोर्मीरेबद्दल मात्र थोडं थांबा. एस्सेरे घ्यायचं की आवेरे हे कर्म आहे की नाही यावरून सुटत नाही हे बरोबर. पण बघा, जाणं, येणं, निघणं, पोहोचणं, जन्मणं, मरणं, होणं, राहणं ही एस्सेरेवाली. यांत माणूस एका जागेतून दुसरीकडे जातो, स्थिती बदलते किंवा आहे तशी राहते. झोपणं, चालणं, हसणं, रडणं ही नुसती क्रिया, म्हणून आवेरे. धावणं दोन्ही घेतं: ओ कोर्सो उन'ओरा (तासभर धावलो), पण सोनो कोर्सो आ काझा (धावत घरी गेलो).

आणि काही जोड्या तर मराठीत आयत्या आहेत. फिनीरे म्हणजे संपणंही आणि संपवणंही. सिनेमा संपला: इल फिल्म ए फिनीतो. मी पुस्तक संपवलं: ओ फिनीतो इल लीब्रो. आपलं 'व' जिथे येतं तिथे आवेरे. कोमिंचारेही तसंच, सुरू होणं आणि सुरू करणं.

वेलदोडा

इथे एक भर घालते. आवेरे आलं की लिंग-वचन विसरायचं हा नियम अर्धाच आहे. कर्म सर्वनाम होऊन क्रियापदाच्या पुढ्यात बसलं की पार्तिचीप्यो कर्माप्रमाणे बदलतो. ओ स्क्रीत्तो ले लेत्तेरे, इथे 'स्क्रीत्तो' तसाच. पण 'ती? ती मी लिहिली' म्हणायचं तर ले ओ स्क्रीत्ते. मारियाला पाहिलं का? सी, लो विस्ता. बोलणारा पुरुष असला तरी 'विस्ता'.

माझ्या इंग्रज आणि जर्मन वर्गमित्रांना हे पचायला फार वेळ लागला. आपण जन्मापासून हेच करतोय: मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी पोहे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद खाल्लेल्या वस्तूप्रमाणे. जुन्या इटालियन गद्यात तर कर्म मागून आलं तरी मेळ दिसतो. लॅटिनमध्ये मुळात 'माझ्यापाशी लिहिलेली पत्रं आहेत' अशी ती रचना होती, म्हणून 'लिहिलेली' पत्रांशी जुळत असे.

प्याचेरेचं (आवडणं) कुणी लिहिलं नाही अजून! मि प्याचे इल माङ्गो, मला आंबा आवडतो. मि प्याच्चोनो इ माङ्गी, मला आंबे आवडतात. मि ए प्याचूता ला तोर्ता, मला केक आवडला, पण तोर्ता स्त्रीलिंगी म्हणून प्याचूता. कर्ता 'मला' आणि क्रियापद वस्तूच्या मागे. आपल्याला यात शिकण्यासारखं काही नाहीच, नुसते शब्द बदलायचे.

मांडवीकाठ

आमच्या घरात आजोबांच्या पिढीपर्यंत पोर्तुगीज होतं, मी गोव्यात वर्गाला जाऊन शिकलो आणि मग इटालियनकडे वळलो. पोर्तुगीज येणाऱ्याला इटालियन शब्द फुकटात मिळतात, क्रियापदं मात्र दगा देतात. पोर्तुगीजमध्ये 'गेलो' एका शब्दात संपतं, 'फुय'. रोजच्या बोलण्यात तेच. इटालियनमध्ये उत्तरेला 'सोनो आंदातो' असं दोन शब्दांत. पोर्तुगीजमध्ये दोन शब्दांची जी रचना आहे ती 'हल्ली सारखं करत आलोय' अशा अर्थाची, आणि तिला सहायक एकच, 'तेर'. एस्सेरे-आवेरेची भानगडच नाही. त्यामुळे मला ती यादी पहिल्यापासून शिकावी लागली, वर वेलदोडा म्हणतात तसा मराठीचा कान तिथे कामी आला.

मिलानमध्ये 'आंदाई' (एका शब्दातलं 'गेलो') म्हटलं तर लोक जरा पुस्तकी माणूस आलाय असं बघतात.

पालेर्मोतून

मिलानमध्ये बघत असतील. इकडे सिसिलीत या. आज सकाळी काय खाल्लं हेसुद्धा लोक पास्सातो रेमोतोमध्ये ('आंदाई'सारखा एका शब्दातला भूतकाळ) सांगतात. शेजारच्या आजोबांच्या तोंडी 'ओ मांजातो' मी क्वचितच ऐकतो, 'मांजाई'च असतं. उत्तरेत उलट, वीस वर्षांपूर्वीचं लग्नही पास्सातो प्रोस्सिमोत ('सोनो आंदातो'सारखा दोन शब्दांतला). तोस्कानात दोन्ही वापरतात आणि फरकही पाळतात: ज्याचा आजशी संबंध उरलाय ते प्रोस्सिमो, जे संपलं ते रेमोतो. पुस्तकात छापलेला नियम हा साधारण त्यांचा. म्हणून 'कुठला भूतकाळ वापरू' याचं उत्तर तुम्ही कुठे राहता यावर आहे.

वाचायला मात्र रेमोतो सगळीकडेच लागतो. चरित्र, इतिहास, परीकथा, सगळं त्यात. दांते नाक्क्वे आ फिरेंत्से नेल १२६५, मोरी आ रावेन्ना नेल १३२१. लहान मुलांच्या गोष्टीच्या पुस्तकातही पहिल्याच पानावर 'दिस्से' (म्हणाला) भेटतो.

पाठ करायला युक्ती आहे. अनियमित क्रियापदं सहाच्या सहा रूपांत वाकडी नसतात. मी, तो आणि ते एवढी तीनच वाकडी. स्क्रीवेरे घ्या: स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो. पहिलं, तिसरं आणि सहावं रूप 'स्स'वालं, बाकीची सरळमार्गी. लेज्जेरेचं लेस्सी, प्रेंदेरेचं प्रेझी, वेनीरेचं वेन्नी, सापेरेचं सेप्पी, वोलेरेचं वोल्ली. एकदा 'मी'चं रूप कळलं की उरलेली पाच स्वतः बनवता येतात. एस्सेरे या हिशोबात बसत नाही (फूई, फोस्ती, फू, फुम्मो, फोस्ते, फूरोनो), ते वेगळं घोकावं.

खारी बिस्कीट

बाप रे. आंदारेचं वादो-वाई-वा आणि मग एकदम आंद्यामो कसं काय होतं? एकाच क्रियापदात दोन घराणी?

शंकासूर

दोन वेगळ्या मुळांची रूपं एका तक्त्यात आली आहेत. 'जातो' आणि 'गेलो' म्हणताना तुला कधी खटकलं का? जा-चा आणि गे-चा काय संबंध? जगभर सगळ्यात जास्त घासली जाणारी क्रियापदंच सगळ्यात वाकडी असतात. त्यामुळे आधी एस्सेरे, आवेरे, आंदारे, फारे, स्तारे, दारे, दीरे, वेनीरे आणि तीन मदतनीस (पोतेरे म्हणजे शकणं, वोलेरे म्हणजे हवं असणं, दोवेरे म्हणजे लागणं) एवढीच पक्की कर.

हळदीचं पान

नमस्कार. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे बरीच वर्षं आहोत, आता नागरिकत्वाचा अर्ज करायचा आहे. २०१८ पासून इटालियनचं बी१ (मध्यम पातळीचं) प्रमाणपत्र लागतं असं कळलं. मला बोलता येतं, पण व्याकरण कधी शिकले नाही. २१ च्या २१ काळ करू का?

अनारसे

नको नको. २०१८ च्या कायद्यानंतर बी१ लागतं हे बरोबर. सिएना आणि पेरुजाची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची विद्यापीठं, रोमा त्रे विद्यापीठ आणि दांते अलिग्येरी सोसायटी यांची प्रमाणपत्रं चालतात. रेमोतो ओळखता आला तर उत्तम, लिहायला लागत नाही.

तुमचा सगळा वेळ पास्सातो प्रोस्सिमो आणि इंपेर्फेत्तो यांच्यातल्या निवडीवर घाला. ई-मेल लिहा, आठवण सांगा असे प्रश्न असतात आणि सगळी गंमत तिथेच कळते. मराठीत विचार केला तर सोपं आहे. 'जात होते', 'जायचे', 'जात असे' या तिन्हींना एकच इंपेर्फेत्तो: आंदावो. 'गेले' म्हटलं की प्रोस्सिमो: सोनो आंदाता. मी जेवत होते तेव्हा फोन आला: मांजावो, क्वांदो ए आर्रिवाता ला तेलेफोनाता. पहिलं लांबलेलं, दुसरं घडून मोकळं झालेलं.

सर्वात देखणा नमुना सापेरेचा. सापेवो म्हणजे मला माहीत होतं. ओ सापूतो म्हणजे मला कळलं. कोनोशेवो म्हणजे ओळखत होते, ओ कोनोश्यूतो म्हणजे ओळख झाली. मराठीत दोन-दोन शब्द लागतात, तिथे काळ बदलला की काम झालं. तुमच्या सासूबाईंनी विचारलं की शेजारच्यांच्या घटस्फोटाचं तुला ठाऊक होतं का, तर 'लो सापेवो' आणि 'लो ओ सापूतो येरी' यांत भांडण होण्याइतका फरक आहे.

हळदीचं पान

हाहा, सासूबाई मिरजेला आहेत, त्यामुळे वाचले. धन्यवाद. आणखी एक. इथल्या बायका 'से लो सापेवो, वेनीवो' असं म्हणतात. वरच्या शंकासुरांच्या नियमात ते बसत नाही.

पालेर्मोतून

बसत नाही आणि तरी सगळे म्हणतात, उत्तरेत, दक्षिणेत, शिकलेले, न शिकलेले. माहीत असतं तर आले असते: नियमाने से लो आवेस्सी सापूतो, सारेई वेनूता. बोलताना दोन्हीकडे इंपेर्फेत्तो टाकून मोकळे होतात. मित्रांत बिनधास्त म्हणा, परीक्षेत लिहू नका. बारमध्ये 'वोलेवो उन काफ्फे' म्हणतात तोही इंपेर्फेत्तोच, भूतकाळ नाही, नुसता मवाळपणा. आपण 'जरा काम होतं तुमच्याकडे' म्हणतो तसा.

वेलदोडा

'येईन म्हणाला होता' यावर कुणीतरी लिहा. मला तिथे अजून अडखळायला होतं.

शंकासूर

तिथे मराठी सवय मोडावीच लागते. आपण समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उचलतो, 'येईन' म्हणाला. इटालियनमध्ये भूतकाळात उभं राहून पुढचं सांगायचं असेल तर कोंदित्स्योनालेचा भूतकाळ लागतो: आ देत्तो के सारेब्बे वेनूतो. आला की नाही आला याच्याशी त्या रूपाला देणंघेणं नाही. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये इथे साधा कोंदित्स्योनाले चालतो, म्हणून त्या भाषा आधी शिकलेले लोक जास्त चुकतात.

खारी बिस्कीट

मी एक वाक्य करून बघतो. 'मी शनिवारी येईन असं वाटतंय.' पेन्सो के इओ वेंगा साबातो. बरोबर?

शंकासूर

रूप बरोबर, वाक्य नाही. वाटणारा आणि येणारा एकच असेल तर 'के' आणि कोंजुंतीवो दोन्ही गळतात. पेन्सो दि वेनीरे साबातो. मराठीत तू असं बोलशील, 'शनिवारी यायचं म्हणतोय'. माणसं दोन असली की मग कोंजुंतीवो: पेन्सो के मार्को वेंगा साबातो. 'च्या आधी'लाही हाच न्याय. प्रीमा दि उशीरे म्हणजे मी निघण्याआधी मीच काहीतरी केलं, प्रीमा के तू एस्का म्हणजे तू निघण्याआधी मी. 'नंतर'ला मात्र कोंजुंतीवो नाही. दोपो के ए उशीतो, साधा इंदिकातीवो, कारण ते घडून गेलेलं असतं.

खारी बिस्कीट

उशीरेचं एस्का?? ही पण दोन घराणी?

शंकासूर

नाही, घराणं एकच. जोर पहिल्या अक्षरावर आला की 'ए', पुढे सरकला की 'उ'. एस्को, एशी, एशे, उश्यामो, उशीते, एस्कोनो. आंदारेच्या शेजारी लिहून ठेव.